दोन तासांचं पाणी आणि डेंग्यूचा डास

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं आणि साडेसहाला जातं. भांडुपच्या डोंगरावर आमची गल्ली, माणसाला वर यायला दीडशे पायऱ्या आणि पाण्याला वर चढायला प्रेशर, ते तेवढा वेळच मिळतं, म्हणून जे काय भरायचं ते त्या दोन तासांत. त्यामुळे प्रत्येक दाराबाहेर एक निळं पिंप, कोणाकडे दोन, आणि आत कळशा, बादल्या, हंडे, सगळं काठोकाठ. हे पिंप जरा लक्षात ठेवा, मला जे सांगायचंय ते फिरून फिरून त्याच्याकडेच येणार आहे.

हवामान बदलतंय त्यामुळे डेंग्यू, मलेरिया आणि उंदरांमुळे होणारा लेप्टो वाढणार असं आता दर पावसाळ्यात वाचायला मिळतं. खरंय ते. पण नुसतं तेवढंच वाचलं की वाटतं आजार आभाळातूनच पडतोय, आपण काय करणार. माझी आई बारा-तेरा वर्षं पालिकेच्या हेल्थ पोस्टची आरोग्य सेविका म्हणून घरोघरी फिरली, शाळेला सुट्टी असली की मी पण तिच्या मागे रजिस्टर धरून फिरायचो, आणि एकच पाऊस एकाच डोंगरावर पडून खालच्या सोसायटीत एक पेशंट आणि वरच्या गल्लीत अकरा, हे मी त्या रजिस्टरमध्ये बघितलंय. पाऊस तोच, डास तेच. मग मधे काय होतं ज्याने एकाचे अकरा झाले, ते समजून घ्यायला पाहिजे.

आधी डासाचं बघू. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती, काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. याला गटार नको, स्वच्छ साठलेलं पाणी पाहिजे, म्हणजे आपण जे प्यायला जपून ठेवतो तेच. मादी अंडी घालते ती पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटवून. आणि ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने तशीच जिवंत राहतात, परत पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं पिंप रिकामं करून परत भरलं तर काही उपयोग नाही, आतली भिंत घासायला लागते. आई हेच सांगायची. "वहिनी, पिंप दाखवा जरा." "ताई, कालच धुतलंय हो." आणि आई टॉर्च मारायची तर आत अळ्या वळवळतायत. वहिनी खोटं बोलत नव्हत्या, त्यांनी खरंच पाणी ओतून दिलेलं, घासलं नव्हतं एवढंच. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं सांगतात, त्यामागे हे गणित आहे. धूर मारणारे येऊन जातात तेव्हा लोकांना बरं वाटतं, पण धुराने उडणारा डास मरतो, पिंपातली अळी तशीच राहते.

आता उष्णता कुठे येते यात? डासाने डेंग्यूच्या पेशंटला चावलं म्हणून तो लगेच दुसऱ्याला आजार देत नाही. व्हायरस डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला पाहिजे, तोपर्यंत त्या डासाकडून धोका नाही. २५ डिग्रीला या प्रवासाला साधारण १५ दिवस लागतात, ३० डिग्रीला साडेसहा-सात. आणि डास जगतो किती, तर दोन-तीन आठवडे, बरेचसे त्याच्या आधीच मरतात. म्हणजे २५ डिग्रीला बहुतेक डास व्हायरस तयार व्हायच्या आधीच मरून जायचे, आणि ३० ला तोच डास तयार होऊन वर आणखी आठवडाभर चावत फिरतो. पाच डिग्रीचा फरक आपल्याला पंखा एकने वाढवण्याइतका वाटतो, डासाच्या हिशोबात तो आख्खा सीझन आहे. पत्र्याच्या घरात तर दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं, ते वेगळंच.

पावसाचं पण बदललंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारतात आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्यात खूप मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणजे आठवडाभर कोरडं, मग एकदम धो धो, मग परत ऊन. याच संस्थेच्या लोकांनी पुण्याच्या डेंग्यूचा अभ्यास केला, तो २०२५ च्या सुरुवातीला आला, त्यात एक गोष्ट आहे जी मला फार पटली कारण आम्ही ती बघत आलोय: आठवड्याला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू कमी होतो, पण थोडा थोडा, पसरून, गॅप देऊन पडला आणि उकाडा २७ डिग्रीच्या वर राहिला की तो वाढतो. त्यामुळे जास्त पाऊस म्हणजे जास्त डेंग्यू इतकं ते सरळ नाहीये.

आणि कमी पाऊस झाला तर सुटलो असं पण नाही. २०२४ च्या जूनमध्ये धरणं आटली म्हणून मुंबईत १० टक्के पाणीकपात होती, तेव्हा आमच्या गल्लीत काय झालं, तर ज्यांच्याकडे एक पिंप होतं त्यांनी दुसरं आणलं. पाण्याचा भरवसा नाही तर माणूस साठवणारच. म्हणजे पूर आला तरी डास, दुष्काळ पडला तरी डास, आणि दोन्हीकडे मधे तेच निळं पिंप. ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी आहे आणि गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आहे त्याच्या घरात साठवण नाही, तर त्याच्या घरात डासाला जागाच कमी. खालच्या सोसायटीत एक आणि वर अकरा, त्यातलं अर्धं उत्तर हे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर डास चावल्यानंतरचं आहे. अभ्यास करणारे लोक याला व्हल्नरेबिलिटी म्हणतात, मी आपला कच्चेपणा म्हणतो, भिंत कच्ची असते तसा. त्यांचा हिशोब असा असतो की धोका एक गोष्ट, तुम्ही त्याच्या किती समोर आहात ही दुसरी, आणि फटका बसल्यावर तुमचं किती मोडतं ही तिसरी, आणि या तिन्हींचा गुणाकार होतो, बेरीज नाही. गुणाकार म्हटलं की कळतं, तिन्हींतली एक जरी अर्धी केली तरी आख्खं उत्तर अर्धं होतं. आभाळ आपल्या हातात नाही, पण बाकीच्या दोन गोष्टी बऱ्यापैकी आहेत.

तिसरी गोष्ट कशी दिसते ते सांगतो. आमच्या शेजारच्या काकू चार घरी पोळ्या करायच्या. ताप आला, एक दिवस खाडा, दोन दिवस खाडा, तिसऱ्या दिवशी त्या अंगात ताप असताना गेल्या कारण तिसरा खाडा म्हणजे काम जाणार. एका क्लिनिकमध्ये अंगदुखीची जालीम गोळी दिली, बरं वाटलं, परत कामावर. डेंग्यूत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन असल्या गोळ्या घ्यायच्या नसतात, रक्तस्राव वाढतो, फक्त पॅरासिटामॉल चालतं. आणि डेंग्यूतला खरा धोक्याचा काळ ताप उतरतो तेव्हा सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं, हे दिसलं की हॉस्पिटल गाठायचं. काकूंना ताप उतरला म्हणजे बरं झालो असं वाटलं, आणि आम्हालाही कोणाला सुचलं नाही. पाच दिवस ॲडमिट होत्या, वाचल्या, पण सोन्याच्या बांगड्या गेल्या आणि चारातली दोन घरं गेली. तोच व्हायरस सोसायटीतल्या माणसाला झाला असता तर आठ दिवस रजा टाकून पडून राहिला असता. मला गुणाकारातल्या त्या तिसऱ्या गोष्टीचा अर्थ त्या दिवशी कळला.

लेप्टोचं पण असंच. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदराच्या किडनीत राहतो, लघवीतून बाहेर पडतो, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात काही आठवडे टिकतो, कडक उन्हात वाळला की मरतो. तुंबलेल्या पाण्यातून चालताना पायाला जखम असेल, भेग असेल, तर तिथून शरीरात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी फुगली, अर्धं शहर कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेलं, आणि पाणी ओसरल्यावर पुढच्या दिवसांत लेप्टोचे पेशंट यायला लागले. का लगेच नाही, तर जंतू आत गेल्यापासून ताप यायला बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवस लागतात, आणि तोपर्यंत माणूस पाण्यातून चाललेलं विसरलेला असतो. ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल, आधी साधा फ्लूच वाटतो, मग कावीळ, किडनी, फुप्फुसं. म्हणून पाण्यातून चाललात तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारा, डॉक्टर बघून डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आधी सांगा, मनाने घेऊ नका. आता विचार करा, त्या पाण्यातून सगळ्यात जास्त वेळ कोण चालतं? कचरा उचलणारे, मॅनहोल उघडणारे, हातगाडीवाले, डिलिव्हरीवाली पोरं. उंदीर कमी करायला पालिकेचे मूषक संहारक रात्री काठी-टॉर्च घेऊन फिरतात, एका रात्रीत ३० उंदरांचं टार्गेट असतं त्यांना, पण कचरा उघडा राहिला तर उंदीर परत वाढतात, खायला आहे तोपर्यंत उंदीर आहे.

मला राग येतो तो याचा, की दुसऱ्या दिवशी ट्रेन सुरू झाली, लोक लटकत कामाला गेले, की टीव्हीवर मुंबईचं स्पिरिट सुरू होतं. अहो काकू ताप अंगावर घेऊन पोळ्या लाटायला गेल्या ते स्पिरिट नव्हतं, घरात बसायची ऐपत नव्हती. तग धरणं म्हणजे पडलेल्या माणसाला बरं होईपर्यंत पडून राहता येणं, आणि तेवढ्यात त्याचं घर न मोडणं. हे नीट मनात ठेवलं तर कुठली वस्ती तग धरते आणि कुठली नाही हे ओळखता येतं.

या शहराला याचा जुना अनुभव आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बंदराजवळचा भाग, धान्याची गोदामं, उंदीर, आणि अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारे लोक. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, ज्याचा वापर १२३ वर्षांनी कोविडमध्ये पण झाला. अधिकारी घरात घुसून पेशंट उचलायचे, सामान जाळायचे, त्यामुळे लोक काय करायला लागले, तर आजारी माणूस लपवायला लागले, आणि जवळपास निम्मं शहर गावाला पळालं, सोबत प्लेग घेऊन. पुण्यात प्लेगच्या पेशंटची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी हाफकिन या शास्त्रज्ञाने जे. जे. हॉस्पिटलच्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली, परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. लस होती, कायदा होता, तरी साथ वर्षानुवर्षं चालली. लोकांचा विश्वासच नव्हता तर ते कशाला पुढे येतील.

त्याच्या उलट धारावी बघा. सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं, संडास सार्वजनिक, एका खोलीत आठ जण. १ एप्रिल २०२० ला पहिला कोविड पेशंट सापडला तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललेलं की आता इथे आग लागणार. तिथे काम कसं झालं, तर गल्लीतले जे खासगी डॉक्टर लोकांना वर्षानुवर्षं माहीत होते त्यांनाच पीपीई घालून सोबत घेतलं, फिव्हर कॅम्प लावले, घरात वेगळं राहणं शक्यच नाही म्हणून शाळा आणि क्रीडा संकुलात क्वारंटाइन केलं आणि तिथे जेवण दिलं, संडास दिवसातून अनेकदा सॅनिटाइज केले. ओळखीचा डॉक्टर सांगतोय म्हणून लोक टेस्टला आले. जुलै २०२० मध्ये डब्ल्यूएचओच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. मला ते कौतुक योग्य वाटतं, पण अर्धं पण वाटतं, कारण त्याच जुलैमध्ये शहराच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं तर झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आणि बिल्डिंगमध्ये १६ टक्के. धारावी त्या वॉर्डांत नव्हती, पण आकडा काय सांगतोय ते स्पष्ट आहे, सार्वजनिक संडास आणि एका खोलीतली आठ माणसं ही परिस्थिती होती तिथेच होती. माणसांनी जीव तोडून काम केलं आणि फटका कमी केला, भिंत कच्चीच राहिली.

बरं, भिंत पक्की करायला गेलं की सगळं सुटतं असं पण नाही, हे गोवंडी-मानखुर्दकडे दिसतं. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हलवलेल्या लोकांना नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंडसारख्या ठिकाणी उंच बिल्डिंगमध्ये पक्की घरं मिळाली. पण बिल्डिंग इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसा लाइट लावावी लागते, हवा फिरत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने २०१८ मध्ये अभ्यास केला, त्यात या कमी उजेड आणि कमी हवेचा टीबीशी संबंध दिसला. टीबीचा जंतू हवेत तरंगतो, उन्हाने मरतो, आणि आपण उन्हाचीच खिडकी बंद केली. मग २०२२ च्या शेवटी त्याच गोवंडी भागात गोवर पसरला, लहान मुलं दगावली, कारण कोविडच्या दोन वर्षांत बऱ्याच मुलांच्या लसी राहून गेलेल्या. एका साथीने दुसऱ्या साथीला वाट करून दिली. पर्यावरण बदललं म्हणतो तेव्हा मला हे पण त्यात धरायचंय, फक्त आभाळ नाही, आपण माणसांना कुठे आणि कसं राहायला लावलं ते पण.

मुंबईतल्या मराठी माणसाची एक वाट गावाला जाते, तिथलं पण सांगतो. आमचं मूळ सिंधुदुर्गातलं. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप सापडला, नंतर बांद्याकडे. हा आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, गोचिडीतून येतो, माकडांना होतो, जंगलात मेलेलं माकड दिसलं की तो धोक्याचा इशारा. जंगल तोडून बागा झाल्या, माणसं, गुरं, माकडं आणि गोचिडी एका जागी आली, आणि काजूच्या सीझनला, जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत, लोक पालापाचोळ्यातच काम करतात. शिमग्याला चाकरमानी जातात तेव्हा नेमका तोच काळ असतो. माणसाकडून माणसाला हा होत नाही, घाबरायचं कारण नाही, पण मुंबईला परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला गावाचं आणि रानात गेल्याचं सांगा, नाहीतर तो बिचारा डेंग्यूच शोधत बसेल.

आता तग धरायला लागतं काय ते माझ्या मते. आरोग्य सेविका, जिला गल्लीतली प्रत्येक वहिनी नावाने ओळखते. चालत जाता येईल असा दवाखाना जो काम सुटल्यावर पण उघडा असेल, २०२२ पासून मुंबईत ‘आपला दवाखाना’ नावाचे पालिकेचे दवाखाने सुरू झालेत ते या कारणासाठी मला महत्त्वाचे वाटतात, खाडा न करता तिथे जाता येतं. भरवशाचं पाणी, ज्याने साठवण कमी होईल. आजारपणाच्या दिवसांचे पैसे, यावर कोणी बोलत नाही पण मला हे सगळ्यात वर वाटतं. आणि आकडे वेळेत मिळणं. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन आला, हवामान खातं अलर्ट पण देतं, त्या अलर्टच्या बरोबर आमच्या गल्लीला एवढं जरी कोणी सांगितलं की या आठवड्यात पाऊस गॅप देऊन पडणार आहे, पिंपं घासा, तरी तो रेड-ऑरेंजपेक्षा आमच्या जास्त कामाचा.

आई आता रिटायर झाली, गुडघे दुखतात, पायऱ्या उतरत नाही फारशी. तरी काकूंच्या प्रकारानंतर तिने एक वही केलीय. कोणाच्या घरी ताप, कितवा दिवस, कोणत्या दिवशी उतरला. ताप उतरला त्या दिवसावर लाल गोल करते आणि पुढचे दोन दिवस मला सकाळ-संध्याकाळ त्या घरी पाठवते, लघवी होतेय का, उलटी आहे का, पोट दुखतंय का, एवढंच विचारायला. काकू बाकीच्यांची पिंपं बघतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून आम्ही पिंपांच्या तोंडाला जुन्या साडीचं कापड घट्ट बांधलंय, दुहेरी, कारण एकेरी कापड मधे खाली लोंबून पाण्याला लागलं की डास त्याच्यावरच बसतो. बत्तीस घरांतल्या एकोणीस घरांचं झालं. वरच्या टोकाची तेरा घरं राहिलीत, तिथे भाडेकरू बदलत राहतात आणि ओळख कमी आहे, म्हणून या रविवारी पाणी जायच्या आत, सहाच्या सुमारास, आईला हाताला धरून मीच वर घेऊन जाणार आहे.